स्ट्रटवर आटे पाडून गाडीची उंची बदलता येईल का?

प्रश्न : माझ्याकडे २०१२ची स्विफ्ट आहे. गडहिंग्लजजवळ आमच्या वाडीचा रस्ता खडबडीत, आणि कामासाठी पुण्याला हायवेने जावं लागतं. पुढच्या स्ट्रटवरचा (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबावरचा) स्प्रिंग टेकते तो कप कापायचा, कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आटे पाडलेली नळी करून आणायची आणि ती वेल्ड करायची, असा बेत आहे. मग कप फिरवून गाडी वाडीत उंच, हायवेला खाली. वेल्डिंग मला येतं. घरी जमेल का?

उत्तर : उद्यमनगरात नळी चोख होईल, त्याची चिंता नाही. पण वेल्डिंगचं वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवून हे उत्तर लिहायला घेतलं. तुमचा स्ट्रट बंद नळीचा आहे. आत तेल आणि दाबाखालचा गॅस. त्यावर ग्राइंडर आणि वेल्डिंग चालवलं तर सील जळतं, आणि नळी फुटली तर पेटतं तेल थेट तुमच्या अंगावर. कुणी 'आम्ही नेहमीच करतो' म्हणालं तरी हे करू नका.

जाणकार कारागीर आधी गॅस आणि तेल काढून स्ट्रट उघडतात, मोकळ्या नळीवर कडं वेल्ड करतात, आटेवाली नळी त्या कड्यावर टेकवतात आणि आत नवा कार्ट्रिज (तयार बंद शॉकअप) बसवतात. तुमच्या गाडीच्या पुढच्या एकेका चाकावर उभ्या उभ्याच साधारण ३०० किलो असतात, खड्ड्यात त्याच्या कितीतरी पट. तुमच्या गाडीतल्या मॅकफर्सन प्रकारच्या स्ट्रटला चाक वरून धरणारा वेगळा आर्म नसतो, त्यामुळे वळणाचा आणि ब्रेकचा ताणही त्याच नळीवर. कडं सुटलं तर स्प्रिंग खाली येऊन टायर कापते.

शिवाय तुम्हाला हवं ते यातून मिळणार नाही. उंची बदलायची तर जॅक लावा, चाक काढा, कप धरणाऱ्या दोन्ही आटेवाल्या रिंगा सैल करा, आणि टो (चाकांचा आत-बाहेरचा कोन) बिघडतो म्हणून नंतर अलाइनमेंट. पुण्याला निघताना हे दर वेळी कोण करणार? कप वर चढवला की स्ट्रट उभ्या गाडीतच लांब झालेला असतो. चाकाला खड्ड्यात उतरायला वाव कमी, मग शेवटाला ठोका बसतो. कप फार खाली घेतला तर जॅकवर स्प्रिंग सैल पडून जागा सोडते. आणि मागचं काय? तिथे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत. फक्त पुढून उचललेल्या गाडीचा हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

कायद्याचंही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. अपघातानंतर विम्याचा वाद होऊ शकतो, तो वेगळाच.

आधी एवढं करा. सपाट जागी रिकामी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा आणि सर्व्हिस सेंटरकडून तुमच्या मॉडेलचं मूळ माप मिळालं तर त्याच्याशी ताडून पाहा. इतक्या वर्षांत स्प्रिंगा बसलेल्या असणार, असा माझा अंदाज आहे. कंपनीच्या नव्या स्प्रिंगा घातल्या की गेलेली उंची परत येते; सोबत बंप स्टॉप (शेवटाचा ठोका झेलणारं रबर) आणि स्ट्रटचं वरचं माउंटही नवं घाला. उंची वाढवायला स्प्रिंगच्या पिळांत रबर अडकवू नका. तेवढे पीळ काम करेनासे होतात आणि बाकीच्यांवर ताण येतो.

स्प्रिंग घरीच बदलणार असाल तर स्प्रिंग दाबून धरणारे दोन कॉम्प्रेसर समोरासमोर लावून दोन्ही आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. स्प्रिंग दोन्ही कपांत सैल हलायला लागेपर्यंत वरच्या नटाला पाना लावू नका.