रहस्यकथा वाचकाला शेवटपर्यंत कशी धरून ठेवते? खुनी कोण हे लपवलं की झालं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेरलॉक होम्स, पॉयरो या गुप्तहेरांच्या जुन्या रहस्यकथा आजही हातातून सुटत नाहीत, त्यामागचं तंत्र काय? आणि तुम्ही स्वतः एक लिहायला घेतली आहे, तर खुनी कोण हे शेवटच्या पानापर्यंत लपवलं की झालं का?

नाही झालं. खुनी लपवायला अक्कल लागत नाही. दहा माणसं एका बंगल्यात कोंबायची आणि शेवटी ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही त्याच्या नावावर बिल फाडायचं. असल्या पुस्तकांनी माझ्या वडिलांच्या दुकानातलं एक अख्खं कपाट भरलं होतं. ती एकदा जायची, परत यायची आणि मग धूळ खात पडायची.

माझा मोठा भाऊ अगदी तुमच्यासारखंच बोलतो, गेली चाळीस वर्षं. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे. घाई असेल तर खालचं दुसरं कुणाचं तरी वाचा.

बाबांची लालबागला सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. लायब्ररी हा जरा मोठा शब्द झाला. चाळीच्या तळमजल्यावर दहा बाय बाराचा गाळा, तीन भिंतींना फळ्या, एक टेबल आणि एक लांबडं रजिस्टर. अनामत १० रुपये, भाडं दिवसाला २५ पैसे. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, कव्हरवर नंबर. निम्म्या फळ्या बाबूराव अर्नाळकरांच्या. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने, आणि त्यांच्या नायकांपैकी झुंजार किंवा काळापहाड फळीवर एक रात्र टिकायचा नाही. उरलेल्या फळ्यांवर सामाजिक, ऐतिहासिक, दिवाळी अंक आणि इंग्रजीवरून मराठीत आणलेल्या खूनकथा. मी शाळेतून आले की टेबलाशी बसायचे.

दादा तेव्हा कॉलेजात होता. त्याची एक खोड होती. नवीन रहस्यकथा आली की आधी शेवटची चार पानं वाचायची आणि पहिल्या पानावर पेन्सिलने खुन्याचं नाव लिहून ठेवायचं. गिऱ्हाईक बोंबलायचं, बाबा चिडायचे आणि खोडरबर घेऊन मी बसायचे. त्याचं ठरलेलं वाक्य होतं: "शेवट कळला की रहस्यकथा म्हणजे वापरलेलं लोकलचं तिकीट."

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली, त्यातली बरीच आमच्याच आजूबाजूची. ज्या गल्लीला पाळीच्या भोंग्यावर जाग यायची, तिथे सकाळी दहाला पुरुष कट्ट्यावर बसलेले दिसू लागले. बाबांनी भाडं १० पैसे केलं. तेवढेही ज्याला जड जायचे त्याच्या नावापुढे "बाकी" लिहायचे.

त्याच सुमाराला बाबांनी एका बाइंडरकडून पुस्तकांचा गठ्ठा स्वस्तात उचलला. त्यात एक खूनकथा होती, आमचा नंबर ३१८. नाव सांगत नाही, कारण खुनी कोण ते पुढे सांगणार आहे. विलायतेतलं खेडं, अभ्यासिकेत मेलेला म्हातारा जमीनदार, पुतण्या, डॉक्टर, सेक्रेटरी, स्वयंपाकीणबाई. नेहमीचा सरंजाम. पुस्तक १७६ पानांचं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे अकरा फॉर्म. आमच्या प्रतीत बाइंडरने शेवटचा फॉर्म लावलाच नव्हता. त्याच्या जागी दहावाच फॉर्म पुन्हा शिवला होता. पान १६० वर गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो, दार लावून घेतो, "खुनी या खोलीतच आहे" म्हणतो, आपण पान उलटतो, तर पान १४५ आणि स्वयंपाकीणबाई पुन्हा रडायला बसलेली.

आम्हाला हे माहीतच नव्हतं. दादाला शेवट सापडला नाही म्हणून त्याने त्या पुस्तकावर नाव लिहिलं नव्हतं, एवढंच.

पहिला गिऱ्हाईक परत आला तेव्हा मला वाटलं आता भाडं परत मागणार. त्याने मागितलं नाही. तो टेबलाला टेकून अर्धा तास मला सांगत राहिला की सेक्रेटरीच, दुसरं कोण. मागे उभा असलेला दुसरा म्हणाला, "बघू," आणि तेच पुस्तक घेऊन गेला. बाबा पुस्तक काढून टाकायला निघाले होते, पण लोक मागू लागले. पैसे परत मागणारे दोघंच निघाले. बाकीचे कट्ट्यावर बसून भांडायचे. अर्धी गल्ली स्वयंपाकिणीच्या विरोधात होती, कारण ती फार रडते.

मला मात्र लाज वाटायची. दहावीच्या वर्षात अभ्यास सोडून मी अकरा फुलस्केप कागदांवर शेवट लिहिला आणि टाचणी लावून पुस्तकात ठेवून दिला. माझा खुनी पुतण्या. कर्जबाजारी, देखणा, रात्री खिडकीतून आत आला. पहिल्याने वाचून "बरा आहे" म्हटलं. मी हवेत.

मग पुस्तक फोल्डिंगवाल्या काकांकडे गेलं. ते मालवणकडचे. गिरणीत फोल्डिंग खात्यात होते, म्हणजे विणून आलेला तागा डोळ्यांखालून जाऊ द्यायचा आणि कुठे धागा तुटलाय, कुठे डाग पडलाय ते पकडायचं. तीस वर्षं हेच. वाचतानाही अंगठ्याचं नख ओळीखालून सरकवत वाचायचे. चौथ्या दिवशी आले, स्टुलावर बसले, माझे अकरा कागद पुस्तकातून काढून वेगळे ठेवले आणि म्हणाले, "ह्यो शेवट कोणी लिवल्यान गो?"

मी गप्प.

त्यांनी खिशातून कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने रकाने आखले होते. डावीकडे नावं, वर वेळा: साडेआठ, नऊ, सव्वानऊ, दहा. प्रत्येक चौकटीत कोण कुठे होतं आणि ते कुठल्या पानावर लिहिलंय त्याचा आकडा. डॉक्टरवर काट मारून बाजूला नुसतं "११२". पुतण्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "पान ४१. घोड्यावरून पडलो. डावो हात गळ्यात बांधलेलो." मग पान ६७ उघडून दाखवलं. खिडकीची काच जड, वर सरकवायची, गडी दोन्ही हातांनी उचलतो. "एका हातान कशी उघडल्यान?"

मी ते पुस्तक तीनदा वाचलं होतं. शेवटही मीच लिहिला होता.

आता तुमचा प्रश्न. काकांना त्या रात्री कुणी धरून ठेवलं होतं? खुन्याच्या नावाने नाही, ते पुस्तकात नव्हतंच. पान ४१ आणि पान ६७ ने. पुरावा वाचकाच्या हातात दिलेला असतो आणि तो आपण कधीच पाहिलाय हे त्याला ठाऊक नसतं. धावपळीची कथा विचारते, पुढे काय होणार. जुनी गुप्तहेरकथा विचारते, आधी काय झालं होतं. उत्तर मागच्या पानांत पडलेलं असल्यामुळे वाचक पुढे सरकत असतानाच मागे ओढला जातो. एडगर अ‍ॅलन पो नावाच्या अमेरिकन लेखकाने १८४४ मध्येच एक चोरलेलं पत्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवून दिलं होतं, पोलिसांनी खुर्च्यांचे सांधे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तरी सापडलं नाही. होम्सचा लेखक डॉयल, त्याने १८९२ च्या एका कथेत रात्री न भुंकलेला कुत्रा दाखवला. तबेल्यातून शर्यतीचा घोडा नाहीसा होतो, कुत्रा गप्प राहतो, म्हणजे आलेला माणूस त्याच्या ओळखीचा. गंमत बघा, न घडलेली गोष्ट हा पुरावा. आणि ती आपल्यासारखीच होम्सचा मित्र वॉटसन याच्याही कानावर असते.

वॉटसन का लागतो, हेही त्यातच आलं. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका पाद्र्याने १९२९ मध्ये गुप्तहेरकथांचे दहा नियम लिहिले. त्यातला एक असा की या बावळट मित्राची बुद्धी सर्वसाधारण वाचकापेक्षा अगदी किंचित कमी असावी. किंचित. फार कमी असली तर वाचकाला कंटाळा येतो, जास्त असली तर त्याचा अपमान होतो. दुसरा नियम, गुन्हेगार कथेत लवकर दिसलाच पाहिजे. त्याच वर्षापासून अमेरिकेत एलरी क्वीन या टोपणनावाने लिहिणारे दोन मावसभाऊ तर शेवटाच्या आधी कथा थांबवून वाचकाला सरळ आव्हान द्यायचे: सगळे पुरावे तुमच्याकडे आहेत, आता तुम्ही सांगा. आमच्या बाइंडरने हेच केलं होतं, फक्त उत्तर द्यायचं विसरला.

पुरावा पुरायचा कसा, ते जमलं तर बाकी जमतं. "टेबलावर दोन कप, वितळलेली मेणबत्ती, कालचं वर्तमानपत्र आणि आजोबांचा चष्मा होता. तेवढ्यात आत काहीतरी फुटलं." वाचक आत धावतो. आजोबा चष्म्याशिवाय ते मृत्युपत्र वाचूच शकले नसते, हे साठ पानांनी आठवतं. यादीच्या टोकाला ठेवा आणि लगेच कुणाला तरी किंचाळू द्या. जुनी युक्ती आहे, अजून चालते. आणि विषाबद्दल लिहिणार असाल तर माहिती काढून लिहा. पॉयरोच्या लेखिका अगाथा ख्रिस्तीबाईंनी पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषधालयात काम केलं होतं, त्यांचं विष उगाच फसफसत नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. माझा भिकार शेवट काकांच्या आधी दोघांनी वाचला आणि एकानेही तक्रार केली नाही. म्हणजे सगळेच वाचक नख सरकवत वाचतात असं नाही. आणि अर्नाळकरांना मी कमी लेखत नाहीये, त्यांचं गणितच वेगळं होतं. लालबागला वाचायची सवय लागली ती त्यांच्यामुळे, काकांसारख्यांमुळे नाही.

संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. तो नुसता विरत गेला. १९८३ च्या मे महिन्यात काका बिऱ्हाड गुंडाळून गावी गेले. जाताना म्हणाले, माझा सेक्रेटरीवर संशय आहे, पण खरा फॉर्म मिळाला तर कळव.

मिळाला १९८८ मध्ये, मुंबईतल्या फाउंटनच्या फुटपाथवर, साडेचार रुपयांना. खुनी डॉक्टर. पोस्टकार्डावर लिहावं तर पोस्टमन आणि अर्धं गाव वाचणार, म्हणून ब्लेडने शिवण उसवून तो सोळा पानांचा फॉर्म बुकपोस्टाने पाठवला. तीन आठवड्यांनी कार्ड आलं. कुशल, पाऊस, भात, आणि मग: "फॉर्म पोचला. डॉक्टर मी आधीच काटला होता. पान ११२, ओळ ६ पाहणे. तिथे तो एकटा असताना मनात म्हणतो, हे कोणी बरं केलं असेल. माणूस तोंडाने खोटं बोलतो, मनात कशाला बोलेल? हा दोष लेखकाचा आहे."

मी पान काढलं. ओळ सहावीच होती.

ख्रिस्तीबाईंची १९२६ ची ती गाजलेली कादंबरी, जिच्या शेवटावरून वाचक भडकले होते, मी नंतर पुन्हा वाचली ती फक्त हे तपासायला. वाक्यावाक्याला नख लावलं. बाई बरंच काही सांगत नाहीत, पण खोटं एकही सांगत नाहीत. तुमच्या कथेत पात्रांना हवं तेवढं खोटं बोलू द्या, पण निवेदकाला एकही थाप मारू देऊ नका. लिहून झाल्यावर खुन्याच्या मनातली सगळी वाक्यं लाल पेन्सिलने अधोरेखित करून बघा, किती निघतात ते. शक्यतो त्याच्या मनात शिरूच नका.

आणि दादा, वहिनी तुला हे उत्तर दाखवेलच, ती सगळं दाखवते. बाबांचं रजिस्टर माझ्याकडे आहे. ३१८ नंबरपुढे चौदा नावं आहेत आणि त्यातली तीन नावं दोनदा आली आहेत. म्हणजे शेवट नाही हे माहीत असून तिघांनी ते पुस्तक पुन्हा नेलं, दिवसाला १० पैसे देऊन, घरात पगार येत नसताना. तिघांपैकी एकाच्याही नावापुढे "बाकी" नाही.