बारकोड आधी कप्प्याला, मग वस्तूला

प्रश्न : आमच्या संस्थेच्या छोट्या वस्तुसंग्रहालयात तांब्या-पितळेची भांडी, पोथ्या, नाणी आणि येवल्याच्या काही जुन्या पैठण्या आहेत. नोंदवहीत वस्तूचे वर्णन सापडते, पण ती नेमकी कोणत्या कपाटात आहे हे एका जुन्या सेवकांनाच ठाऊक असते. बारकोडने ही अडचण सुटेल काय, आणि लेबले थेट वस्तूंवर चिकटवावीत काय?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तेथे झालेले नुकसान भरून येत नाही. चिकट लेबल कोणत्याही वस्तूवर थेट लावू नये. त्याचा गोंद काही वर्षांत घट्ट होऊन पितळेवर डाग पाडतो आणि पोथीवरून ते सोडवताना कागदाचा पापुद्राही निघून येतो. वस्तूवर फक्त नोंदणी क्रमांक असावा, तोही काढता येईल असा. भांड्याच्या बुडाशी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर देऊन त्यावर शाईने क्रमांक लिहितात व वर पुन्हा एक थर देतात. हे सारे गरज पडल्यास ॲसिटोन या द्रावकाने निघते. पैठणीसाठी क्रमांक लिहिलेली सुती फीत जरीचा भाग टाळून उलट बाजूस सैल टाक्यांनी लावावी, पोथीवर मऊ पेन्सिल पुरते. बारकोड असावा तो दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर, पाकिटावर किंवा खोक्यावर.

नाण्यांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या साठ्यात क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. अशी एकसारखी नाणी टेबलावर एकत्र पसरली, तर कोणते कोणत्या पाकिटातले हे जाणकारालाही चटकन सांगता येणार नाही, आणि बारकोड तर पाकिटावर असतो, नाण्यावर नाही. म्हणून नोंदीत प्रत्येक नाण्याचे वजन व दोन्ही बाजूंचे छायाचित्र असावे आणि एका वेळी एकच पाकीट उघडावे.

आता मूळ प्रश्न. वस्तू कोठे आहे हे बारकोडला कळत नाही. वस्तू हलवणाऱ्याने त्या क्षणी स्कॅन केले, तरच ते संगणकाला कळते. त्यामुळे कामाची सुरुवात वस्तूंपासून न करता जागांपासून करावी. खोली, कपाट, कप्पा, ट्रे असा क्रम लावून प्रत्येक कप्प्याला स्वतःचा क्रमांक व बारकोड द्यावा, मग वस्तू स्कॅन करून लगेच ती ज्या कप्प्यात ठेवली तो स्कॅन करावा. खोक्यातील वस्तू आधी खोक्याशी जोडून ठेवल्या, की पुढे खोके हलवताना एकच स्कॅन पुरतो. प्रदर्शनाची काचपेटी, छायाचित्रकाराचे टेबल, संवर्धकाकडे दुरुस्तीला गेलेल्या वस्तूंची यादी, यांनाही बारकोड द्यावा. वस्तू हरवतात त्या बहुधा अशाच ‘दोन दिवसांसाठी’ ठेवलेल्या जागी, हे माझे स्पष्ट मत आहे.

साधा स्कॅनर कीबोर्डसारखा वागतो, म्हणजे वाचलेला क्रमांक कर्सर असेल तेथे टंकतो, त्यामुळे एक्सेलमध्येही काम सुरू करता येते. मात्र एक्सेल ००१२३ मधील सुरुवातीची शून्ये गाळते आणि १२-३ ला तारीख समजते; म्हणून रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा व क्रमांकाच्या आरंभी एखादे अक्षर घ्यावे. कोड १२८ या प्रचलित बारकोडमध्ये देवनागरी अंक बसत नाहीत, तेव्हा नोंदवहीतील मराठी क्रमांकांना समांतर असे इंग्रजी अक्षरे व अंक असलेले क्रमांक ठरवावे लागतील. बारकोडमध्ये वर्णन कोंबू नये, केवळ क्रमांक असावा, आणि तोच खाली डोळ्यांनी वाचता येईल असा छापावा.

बारकोडऐवजी आरएफआयडीचा, म्हणजे रेडिओलहरींनी वाचल्या जाणाऱ्या टॅगचा, आग्रह कोणी धरल्यास सांगावे, की साधे टॅग धातूच्या भांड्यांवर नीट चालत नाहीत. लेबले मात्र दुकानातील पावतीसारख्या उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर छापू नयेत, ती फिकी पडतात. शाईची रिबन वापरणारे थर्मल ट्रान्सफर छापयंत्र घ्यावे.

आपण नदीकाठी आहात, म्हणून आणखी एक सूचना. २ ऑगस्ट २०१६ रोजी गोदावरीला आला तसा पूर आला, तर खालच्या कप्प्यांतील खोकी घाईने वर न्यावी लागतील आणि वीज बहुधा नसेल. त्यासाठी कप्पानिहाय यादीची छापील प्रत दर महिन्याला काढून ती इमारतीबाहेर, विश्वासू पदाधिकाऱ्याच्या घरी ठेवावी. ती सर्वांच्या हाती पडू नये, कारण मौल्यवान वस्तू कोठे आहे हे चोरालाही त्यातून कळते. पडताळणी दोन्ही दिशांनी करावी : यादीतील काही वस्तू कप्प्यात शोधाव्यात, आणि कप्प्यातील काही वस्तू यादीत. पहिल्या प्रकाराने हरवलेली वस्तू समजते, दुसऱ्याने कधी नोंदच न झालेली.