एच-४ वर असताना कम्युनिटी कॉलेजमधून डेंटल हायजीन करावं का?

तुम्ही लिहिलंय की नागपूरहून बीएस्सी मायक्रोबायोलॉजी झालंय, लग्नानंतर एच-४ वर (नवरा एच-१ या नोकरीच्या व्हिसावर असला की बायकोला मिळतो तो व्हिसा) न्यू जर्सीत आलात, मुलगी आता शाळेत जायला लागली, डेंटल हायजीनचा (डेंटिस्टच्या ऑफिसात लोकांचे दात-हिरड्या तपासून साफ करायचं काम) कोर्स करावासा वाटतोय पण घरचे म्हणतात एवढं शिकून लोकांचे दात घासायला जाणार का. मी याच राज्यातल्या एका कम्युनिटी कॉलेजमधून हा कोर्स केलाय आणि आता एका प्रायव्हेट ऑफिसात काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते, करा, पण दोन गोष्टी बघून. एक म्हणजे वर्क परमिट, आणि दुसरी म्हणजे एकेका माणसाजवळ तासतासभर बसून हाताने करायचं बारीक काम तुम्हाला मनापासून आवडेल का.

व्हिसाचं आधी बोलू कारण लोक तीन वर्षं शिकतात आणि मग इथेच अडकतात. एच-४ वर शिकायला काहीच आडकाठी नाही, फुल टाइम शिका, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करायची गरज नाही. पण नोकरीला ईएडी म्हणजे वर्क परमिट लागतं आणि ते नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनी भरते तो अर्ज) मंजूर झालेलं असेल किंवा त्या ग्रीन कार्डच्या प्रोसेसमुळे त्यांचा एच-१ सहा वर्षांच्या पुढे वाढवलेला असेल तरच मिळतं, २०१५ पासून हा नियम आहे. आधी शिकू आणि मग कोणीतरी एच-१ वर घेईल असं मनात असेल तर ते काढून टाका, कारण एच-१ ला किमान बॅचलर्स लागणारी नोकरी पाहिजे आणि हायजिनिस्टची नोकरी असोसिएट डिग्रीवर (बॅचलर्सच्या खालची कॉलेजची डिग्री) होते, त्यामुळे ते जवळपास होतच नाही. तेव्हा आय-१४० कुठपर्यंत आलंय ते आजच घरी विचारा, बाकी सगळं त्यानंतर.

आता घरच्यांचं. त्यांचा दोष नाही हो, आपल्याकडे भारतात स्केलिंग म्हणजे दातांवरचा थर काढणं हे डेंटिस्ट स्वतःच करतात त्यामुळे हायजिनिस्ट ही वेगळी व्यक्ती असते हेच बहुतेकांनी बघितलेलं नसतं. भारतातल्या १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये डेंटल हायजिनिस्टची नोंद आहे, पण आपल्या गावातल्या दवाखान्यात ती कधी भेटते का? इथे मात्र हा शंभर वर्षांहून जुना पेशा आहे. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला डॉ. आल्फ्रेड फोन्स म्हणून डेंटिस्ट होते, त्यांनी १९०६ मध्ये आपल्या असिस्टंटला, आयरीन न्यूमनला, दात साफ करायचं शिकवलं आणि १९१३ मध्ये पहिली शाळा काढली, तिथून शिकलेल्या बायका ब्रिजपोर्टच्या शाळांमध्ये जाऊन मुलांचे दात तपासायच्या, साफ करायच्या, घासायचे कसे ते शिकवायच्या. म्हणजे पहिल्यापासून हे काम रोग होऊ नये म्हणून करायचं आहे. आज मी दिवसभरात काय करते तर बीपी घेते, औषधांची यादी बघते, एक्स-रे काढते, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीची खोली मोजते (अठ्ठावीस दात म्हणजे १६८ आकडे), जीभ-गाल-घसा बघून संशयास्पद काही असेल तर डॉक्टरना दाखवते, हिरडीखालचा टार्टर (दातावर घट्ट बसलेला थर) काढते, गरज असेल तर तेवढ्या जागेपुरती भूल देते. आणि हे सगळं करताना समोरच्या माणसाशी बोलत असते. घरी हे वाचून दाखवा.

कोर्स म्हणायला दोन वर्षांचा, पण त्याआधीचे प्रीरिक्विझिट, म्हणजे ॲडमिशनआधी पूर्ण करायचे विषय, धरले की तीन वर्षं धरून चाला. ॲनाटॉमी फिजिओलॉजी १ आणि २, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, इंग्लिश कॉम्पोझिशन, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, साधारण असं असतं, कॉलेजप्रमाणे थोडं बदलतं. तुमची भारतातली डिग्री आधी इव्हॅल्युएट करून घ्या, कोर्स-बाय-कोर्स वाला रिपोर्ट मागवा, नुसती डिग्री समकक्ष आहे असं सांगणारा रिपोर्ट इथे उपयोगाचा नाही. आणि तरीही मायक्रोबायोलॉजीचं क्रेडिट मिळेलच असं समजू नका कारण बऱ्याच ठिकाणी सायन्सचे विषय ठराविक वर्षांच्या आतले लागतात. परत करायला लागलं तर करा, तुम्हाला सोपं जाईल आणि ए ग्रेड मिळेल, जे ॲडमिशनला खरंच कामी येतं कारण स्पर्धा मोठी आहे. क्लिनिकमध्ये पाच विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा लागतो त्यामुळे बॅच छोटी असते, आणि बहुतेक कॉलेजं वर्षातून एकदाच घेतात, डेडलाइन चुकली की वर्ष गेलं. आपल्या न्यू जर्सीत एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजात हा कोर्स आहे, पॅरामसच्या बर्गन कम्युनिटी कॉलेजात आहे, दोन्हीकडच्या अटी वाचा. कोडाची (डेंटल कोर्सना मान्यता देणारी इथली संस्था) मान्यता आहे ना एवढं नक्की बघा, त्याशिवाय पुढे बोर्डाची परीक्षा आणि लायसन्स दोन्ही अवघड होतं.

खरा कोर्स सुरू होतो तो प्रीक्लिनिकपासून (खरे पेशंट घ्यायच्या आधीचा हाताचा सराव) आणि मला वाटतं इथेच कळतं की हे आपलं काम आहे की नाही. पुस्तकी अभ्यास आपण भारतात शिकलेली माणसं कसाही ओढून नेतो, ट्रायजेमिनल नर्व्हच्या फांद्या पाठ करायच्या म्हटलं तर करतो. पण हात पाठांतराने तयार होत नाही. पहिले कित्येक आठवडे नुसतं इन्स्ट्रुमेंट धरायचं कसं, अनामिका दातावर टेकवून आधार घ्यायचा कसा, आरसा डाव्या हातात धरून उलटं दिसणारं बघत उजवा हात चालवायचा कसा, खुर्ची पेशंटच्या डोक्याच्या कुठल्या बाजूला ठेवायची, हेच चाललेलं असतं, आधी प्लॅस्टिकच्या दातांवर आणि मग एकमेकींच्या तोंडात. ग्रेसी क्युरेट म्हणून अवजारं असतात, दाढेच्या पुढच्या बाजूला ११/१२ आणि मागच्या बाजूला १३/१४, त्यांच्या पात्याची एकच कड वापरायची असते आणि ती दाताला बरोबर कोनात लागली तरच टार्टर निघतो, नाहीतर वरून नुसता गुळगुळीत होतो आणि खाली तसाच राहतो. तो हिरडीखाली असल्यामुळे डोळ्याला दिसत नाही, एक्स्प्लोरर नावाच्या बारीक तारेसारख्या अवजाराने चाचपडून शोधायचा. तांदूळ निवडताना न बघता बोटाला खडा लागतो ना, तसं एक दिवस अचानक लागायला लागतं, आणि तोपर्यंत शिक्षिका म्हणतात इथे आहे आणि आपल्याला काहीच जाणवत नाही. या काळात खूप मुली रडतात. वर्गात बारावीनंतर थेट आलेल्या मुली असतात तशा चाळिशीच्या बायकाही असतात आणि हाताच्या बाबतीत वयाचा काही संबंध मला तरी दिसला नाही, तेव्हा वयाची काळजी सोडा. रांगोळी, मेंदी, भरतकाम, शिवण असलं काही आवडत असेल तर ती चांगली खूण समजा.

मग पेशंट. हे ॲडमिशनच्या वेळी कोणी ठळकपणे सांगत नाही पण बहुतेक कॉलेजांत पेशंट आपणच शोधून आणायचे असतात, आणि कोणतेही चालत नाहीत, इतके सोपे, इतके कठीण, इतकी मुलं, इतके म्हातारे, अशा रिक्वायरमेंट पूर्ण केल्याशिवाय पास करत नाहीत. एकेका पेशंटला तीन-चार तास बसायला लागतं आणि अशा दोन-तीन खेपा, कारण प्रत्येक टप्प्यावर शिक्षिका येऊन तपासतात. पेशंटने ऐनवेळी टांग मारली की तुमचा तो दिवस फुकट. तुम्हाला इथे आपल्या लोकांचा मोठा आधार होईल. मराठी मंडळ, गणपती, मुलीच्या शाळेतले पालक, सगळ्यांना आत्तापासून सांगून ठेवा. आणि सहा महिने राहायला आलेले आईबाबा! त्यांचा इथे डेंटल इन्शुरन्स नसतो, कॉलेजच्या क्लिनिकची फी अगदी कमी असते, वेळ भरपूर असतो आणि टार्टरही बऱ्याचदा वर्षानुवर्षांचा असतो, म्हणजे तुम्हाला हवी ती कठीण केस मिळते आणि त्यांचं नीट काम होतं.

यावरून एक सांगते, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. फॉर्मवर तंबाखूचा प्रश्न असतो आणि आपल्या गावाकडच्या कितीतरी मावश्या त्यावर प्रामाणिकपणे नाही म्हणतात, कारण मिश्री लावणं हे त्यांच्या लेखी दात घासणं असतं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती दातावरून, हिरडीवरून बोटाने घासतात, डाग पडतात, हिरड्या खाली जातात, आणि तोंडात पांढरे चट्टे दिसले तर त्याकडे गांभीर्याने बघायलाच हवं. तसंच सुपारी-गुटख्याचं, काही जणांचं तोंडच पूर्ण उघडत नाही, त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. इथल्या शिक्षिकांनी हे पुस्तकात वाचलेलं असतं पण समोर फार बघितलेलं नसतं. तुम्ही शेजारी बसून, मावशी सकाळी मिश्री लावता का, असं साधं विचारलंत की त्या लगेच सांगतात. हे आपण करू शकतो आणि त्यासाठी तरी आपल्यातल्या बायकांनी या पेशात यावं असं मला वाटतं.

शेवटी नॅशनल बोर्ड ही देशपातळीवरची परीक्षा असते, एका दिवसात ३५० प्रश्न, त्यातले १५० पेशंटच्या केसवर, ७५ स्कोअर लागतो. शिवाय क्लिनिकल परीक्षा, राज्याच्या कायद्याची परीक्षा, मग लायसन्स. ते राज्यापुरतंच असतं, नवऱ्याची बदली झाली तर तिकडचे नियम परत बघावे लागतात.

पैशाचं म्हणाल तर देशभरात २०२४ चा मधला पगार वर्षाला ९४ हजार डॉलरच्या आसपास होता, काम तासावर असतं आणि चार दिवसही करता येतं, मुलगी लहान असताना हे फार बरं पडतं. पण पुष्कळ छोट्या ऑफिसांत हेल्थ इन्शुरन्स देत नाहीत, तो नवऱ्याच्या नोकरीतून असेल तर ठीक. कॉलेजची फी काउंटीत राहणाऱ्यांना कमी असते, एच-४ ला ती सवलत देतात का ते लेखी विचारून घ्या, आणि इन्स्ट्रुमेंट किट आणि लूप्सचे (चष्म्यासारखी घालायची भिंगं) काही हजार डॉलर वेगळे धरा. लूप्सवर पैसे वाचवू नका, मान वाकवून काम करायची सवय लागली की मान, खांदा, मनगट काही वर्षांत बोलायला लागतात, आणि या कामातून लवकर बाहेर पडणाऱ्यांत शरीर साथ देत नाही म्हणून पडणाऱ्या बऱ्याच असतात.

बीडीएस झालेल्या कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी, हायजीन केल्याने इथे डेंटिस्ट व्हायचा रस्ता छोटा होत नाही. त्यासाठी आयएनबीडीई (डेंटिस्टसाठीची इथली बोर्डाची परीक्षा) आणि मग डेंटल स्कूलचा दोन-तीन वर्षांचा कोर्स, तो फार महाग आहे पण नेहमीचा रस्ता तोच आहे. हायजिनिस्टच व्हायचं असेल तर फ्लोरिडात बाहेरच्या देशातल्या डेंटिस्टना परीक्षा देऊन ते लायसन्स घेता येतं, कॉलेज परत करावं लागत नाही, तिथल्या बोर्डाच्या अटी वाचा.

तुम्ही मात्र फॉर्म भरायच्या आधी एक करा, जवळच्या कॉलेजच्या हायजीन क्लिनिकमध्ये स्वतः पेशंट म्हणून अपॉइंटमेंट घ्या. तीन तास त्या खुर्चीत बसाल, दात साफ होतील, आणि जी मुलगी तुमचं काम करत असेल तिला सगळं विचारा, त्या फार मोकळेपणाने सांगतात. सेमिस्टर चालू असताना जाऊन या, उन्हाळ्यात बरीच क्लिनिकं बंद असतात.