शेअर्ड फोल्डरमधून दूरच्या मशीनवर कामं चालवायची असतील तर

ड्रॉपबॉक्ससारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये फाइल टाकली की दूरच्या मशीनवर काम सुरू व्हावं, तेही एसएसएचचा (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या सोयीचा) पोर्ट न उघडता? जमतं. मात्र फोल्डरमध्ये आलेली स्क्रिप्ट जशीच्या तशी चालवू नका. तसं केलंत तर ज्याच्या हाती त्या ड्रॉपबॉक्स खात्याचा पासवर्ड, त्याच्या हाती तुमचं मशीन.

फाइलमध्ये फक्त कामाचं नाव लिहा, उदाहरणार्थ ‘बॅकअप’. त्या नावाला कुठली कमांड चालवायची हे दूरच्या मशीनवरच ठरलेलं असू द्या. यादीत नसलेलं नाव आलं तर सरळ नकार. शिवाय प्रत्येक फाइलवर जीपीजीची, म्हणजे डिजिटल सही करणाऱ्या प्रोग्रामची, सही हवीच. सही करणारी प्रायव्हेट की तुमच्याजवळ, दूरच्या मशीनवर फक्त सही तपासणारी पब्लिक की. सही खरी असली तरी जुनी फाइल कुणी पुन्हा टाकू शकतं, म्हणून आत वेळ आणि नवा क्रमांक घाला, वापरून झालेले क्रमांक तिकडे नोंदवून ठेवा.

एक गोष्ट हमखास सुटते. फाइल आधी सिंकबाहेरच्या फोल्डरमध्ये कॉपी करा, मग त्या कॉपीचीच सही तपासा आणि तीच वाचा. नाहीतर तपासणं आणि चालवणं यांच्या मधल्या क्षणी फाइल बदलता येते. अर्धवट सिंक झालेली फाइलही या तपासणीत आपोआप गळते.

हे सगळं वेगळ्या, कमी अधिकारांच्या युजरखाली चालवा. रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, अजिबात नको.