घूं आवाज येतो, पण पाणी येत नाही

प्रश्न : आमचं फ्रंट लोड मशीन सुरू केलं की दार लॉक होतं, मागून घूं असा आवाज येतो, पण पाणी आत येत नाही. थोड्या वेळाने एरर दाखवून मशीन थांबतं. सकाळी मात्र बहुतेक वेळा भरतं. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, टाकी डोक्यावरच आहे आणि शेजारच्या नळाला पाणी छान येतं. मेकॅनिक म्हणतात, व्हॉल्व्ह गेला. बदलून घ्यावा का?

उत्तर : इतक्यात नको. व्हॉल्व्ह, म्हणजे मशीनमध्ये पाणी सोडणारी विजेवरची झडप, निर्दोष असण्याचे दोन पुरावे तुम्हीच पत्रात दिलेत.

पहिला तो घूं. तो आवाज व्हॉल्व्हच्या कॉइलचा, म्हणजे वीज मिळाली की चुंबक होणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा. म्हणजे दार नीट लॉक झालं, मशीनने पाणी मागितलं, वीज व्हॉल्व्हपर्यंत पोचली आणि कॉइल शाबूत आहे. मी कुठल्याही मशीनपाशी गेले की पाना काढण्याआधी हा आवाज ऐकते. तो असेल तर पाण्याकडे बघायचं, नसेल तर विजेकडे. दुसरा पुरावा सकाळचा. सकाळी टाकी भरलेली असते, दिवसभरात पाणी तळाला जातं. म्हणून मला दाबाचाच संशय येतो.

टाकी डोक्यावर असली की दाब भरपूर, असं सगळेच धरून चालतात. दाब मिळतो तो उंचीमुळे : पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार. कित्येक मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब ०.३ बार दिलेला असतो, काही ठिकाणी तोच ०.०३ मेगापास्कल असा छापतात. याचा अर्थ मशीनच्या व्हॉल्व्हपासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत किमान ३ मीटर उंची हवी. पातळीपर्यंत, टाकीच्या झाकणापर्यंत नव्हे. त्याच टाकीचं पाणी तळमजल्यावर जोरात येतं आणि तुम्ही मात्र काठावर. पातळी हातभर उतरली की गेलं.

मग शेजारच्या नळाला कसं येतं? नळ म्हणजे उघडी वाट, दाब कमी असला तरी पाणी वाहतं. व्हॉल्व्हमध्ये रबरी पडदा असतो, आणि हा पडदा वीज उचलत नाही. कॉइल फक्त एक बारीक दांडी वर ओढते, त्याने पडद्याच्या मधलं छोटं भोक मोकळं होतं आणि वरचं पाणी निघून जातं. त्यानंतर पडदा वर ढकलायचा तो खालच्या पाण्याने. त्या पाण्यातच जोर नसेल तर कॉइल बिचारी घूं करत बसते.

आता तपासणी. प्लग काढा, नळ बंद करा. मशीनच्या मागचा इनलेट पाइप हाताने सोडवा. खाली फडकं असू द्या, पाइपात पाणी उरलेलं असतं. पाइपचं तोंड बादलीत धरून नळ पूर्ण उघडा आणि घड्याळ लावा. मिनिटाला आठ-दहा लिटर आलं तर नळ आणि पाइप ठीक. हे सकाळी एकदा आणि संध्याकाळी मशीन अडतं त्याच वेळी एकदा करा. दोन्हींत मोठा फरक पडला तर उत्तर बादलीतच मिळालं. मशीन भिंतीला सरकवताना पाइप मुडपला गेलाय का, तेही बघून घ्या.

पाइप काढलाच आहे तर व्हॉल्व्हच्या तोंडात बघा. आत बारीक जाळी असते, तिला मधोमध धरायला खुंटी असते. लांब नाकाच्या पक्कडीने हळूच सरळ बाहेर ओढा. गाळ असेल तर जुन्या टूथब्रशने घासा, पांढरे क्षार असतील तर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. सुईने टोचू नका. आणि जाळी काढून फेकण्याचा सल्ला कोणी दिला (देतात!) तर ऐकू नका. एक वाळूचा कण पडद्याखाली अडकला की व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि मशीन बंद असतानाही पाणी आत झिरपत राहतं. परत बसवताना रबरी वॉशर जागेवर आहे ना बघा, आटे हातानेच घट्ट करा आणि प्लग लावण्याआधी नळ उघडून गळती तपासा.

जाळी स्वच्छ, बादलीही संध्याकाळी झटपट भरली आणि तरी नुसता घूं येत असेल, तर पडदा किंवा दांडी अडकली आहे. तेव्हा खुशाल व्हॉल्व्ह बदला. दाबच कमी निघाला तर नवा व्हॉल्व्हही तसाच वागेल. मग लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवा किंवा टाकी उंच करा.

प्रश्न : टॉप लोड मशीन आहे. पाणी नाही आणि कसलाच आवाजही नाही.

उत्तर : चाइल्ड लॉक, उशिरा सुरू होण्याचं सेटिंग आणि झाकण आधी बघा. गरम आणि थंड अशी दोन तोंडं असून तुम्ही थंडच जोडलं असेल, तर प्रोग्राम गरमवर नाही ना? हे सगळं ठीक असेल तर मेकॅनिकला दोन गोष्टी तपासायला सांगा. एक, व्हॉल्व्हच्या कॉइलचा रेझिस्टन्स. २३० व्होल्टच्या कॉइलला तो साधारण ३ ते ५ किलोओहम असतो. दुसरी, टबाच्या तळापासून प्रेशर स्विचकडे (टबात पाणी किती, हे हवेच्या दाबावरून ओळखणारा स्विच) जाणारी बारीक हवेची नळी. ती साबणाच्या लगद्याने तुंबून आत हवा कोंडली, तर रिकामा टबही मशीनला भरलेला वाटतो.

प्रश्न : पाणी येत राहतं, पण टब भरतच नाही.

उत्तर : एकीकडून येतंय, दुसरीकडून जातंय. फ्रंट लोडमध्ये ड्रेन पाइपचं टोक जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर उंच हवं. ते खाली पडलं की पाणी आपोआप ओढलं जातं. ज्या टॉप लोडचा ड्रेन पाइप खालीच सोडलेला असतो, त्यात ड्रेन व्हॉल्व्हमध्ये नाणं, पिन नाहीतर बटण अडकलेलं सापडतं.