'गझल' म्हटलंय, मग काफिया कुठाय?

भाषांतर करताना पडलेला प्रश्न असा आहे: बाराव्या शतकातल्या फारसी कवी निजामीच्या 'खुस्रो-शिरीन' या प्रेमकथाकाव्यात 'शिरीनच्या वतीने नकीसाचं गझल म्हणणं' असं शीर्षक येतं, पण खालच्या ओळींत यमक दर शेराला बदलतं. ही गझल कशी?

शीर्षक बरोबर आहे. आपण 'गझल' ऐकलं की मतला (पहिला शेर), काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर दर वेळी येणारा तोच शब्द) शोधतो. मुळात अरबीत 'गझल' म्हणजे प्रेमाचं बोलणं. ('गझल' शब्द घायाळ हरणाच्या हाकेवरून आला ही गोष्ट मुशायऱ्यात छान वाटते, व्युत्पत्ती म्हणून मला पटत नाही.) इथे शब्द आशयाबद्दल आहे, आकृतिबंधाबद्दल नाही. आकृतिबंध मसनवीचाच, म्हणजे प्रत्येक शेराचं यमक स्वतंत्र. वृत्तही कथेचंच, लगागागा लगागागा लगागा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू). मराठी गझलकारांची ओळखीची मृगाक्षी!

प्रसंग बघा. बर्फात दारी आलेल्या खुस्रोला, म्हणजे इराणच्या राजाला, त्याच्या प्रेयसीने शिरीनने गडाचं दार उघडलं नाही. मग पस्तावून ती गुपचूप त्याच्या छावणीत येते आणि तंबूत लपते. समोरासमोर बोलायची सोय नाही. म्हणून गायक नकीसा तिच्या वतीने गातो आणि दुसरा गायक बारबद खुस्रोच्या. गाणारा एक, 'मी' दुसऱ्याचा. आळीपाळीने मनं मोकळी होतात आणि शेवटी शिरीन तंबूबाहेर येते. म्हणजे या गझला कथेत टाकलेला विसावा नाहीत. रुसवा त्याच काढतात, कथा त्याच पुढे नेतात. वृत्त न बदलल्याने निवेदन कुठे थांबलं आणि गाणं कुठे सुरू झालं, हा सांधा कानाला लागतच नाही. मला तरी निजामीची खरी करामत हीच वाटते.

काफिया असलेली गझलही कथाकाव्यात सापडते. अकराव्या शतकातला फारसी कवी अय्यूकी याच्या 'वरका-गुलशाह'मध्ये पात्रं मधेच एकयमकी गझल म्हणतात, तीही फिरदौसीच्या 'शाहनामा' या महाकाव्याच्याच वृत्तात. हे वृत्त म्हणजे लगागा लगागा लगागा लगा. 'मनाचे श्लोक' म्हणताना प्रत्येक चरणाचा शेवटचा गुरू गाळलात की झालं. दिल्लीचा कवी अमीर खुस्रो याने (कथेतला राजा खुस्रो नव्हे) 1289च्या 'किरानुस्सादैन'मध्ये मसनवीत गझला पेरल्या, पण त्यांची वृत्तं वेगळी ठेवली. तिथे सांधा मुद्दाम ऐकू येतो.

तेव्हा भाषांतरात 'गझल'च ठेवा. वाचक अडखळेल असं वाटलं तर 'प्रेमगीत' करा.