स्वतःच्या हातानं खोलता येतंय तेच घे

पोरी,

परवा पप्पांबरोबर आलीस आणि जाताना गेटपाशी हळूच विचारलंस, काका रिव्हॉल्वर का पिस्तूल, नेमकं कुठलं घेऊ, तेव्हा मी काय बोललो नाही. पप्पा गाडी वळवत होते आणि त्यांचं आधीच ठरलेलं होतं. तुझं तोंड बघून रात्री झोप लागली नाही, म्हणून हे एका बोटानं टाइप करायलोय. चुका पोटात घाल.

लायसन्स का पाहिजे, जबाबदारी काय असते, हे मी तुला सांगणार नाही. संकेश्वरच्या पुढं हायवेला पंप चालवतेस, रात्रीची कॅश तूच मोजतेस, आणि फॉर्म, हत्यार हाताळायचं एस-वन ट्रेनिंग, पोलीस व्हेरिफिकेशन, डीसी म्हणजे कलेक्टरचं ऑफिस सगळं तू एकटीनं केलंस. पप्पा फक्त पैसे देणारायत. गिफ्ट म्हणून देतायत ते चांगलंच की, पण लायसन्स तुझ्या नावाचं, हत्यार तुझ्या नावावर, गोळी सुटली तर जबाबही तुझाच. मग पसंती पप्पांची का?

आता तुझा घोळ. पप्पा म्हणतात निर्भीक रिव्हॉल्वर घे, बायकांसाठी काढलंय. मामा म्हणतो जुनं फॉरेनचं घे, त्याची सर कशाला नाही. दुकानवाला म्हणतो पिस्तूल घ्या मॅडम, आठ राउंड, म्हणजे गोळ्या, बसतात. आणि तू रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघतेस, त्यात अमेरिकेतला कोणतरी नाइन एमएमवर बोलत असतो, जे आपल्याकडं साध्या लायसन्सवर मिळतच नाही. आम्ही आर्मीत नाइन एमएम वन-ए हाताळलं, पण सिव्हिलियनला ते बोअर, म्हणजे त्या मापाची नळी, प्रोहिबिटेड. तुझ्या वाट्याला पॉइंट थर्टी टू बोअर. तेवढ्यातलंच बघायचं, त्यामुळं निम्मा घोळ इथंच मिटला.

राहिलेल्या निम्म्याला माझं एकच उत्तर आहे. जे तुला स्वतःच्या हातानं खोलता, पुसता आणि परत बंद करता येतंय तेच घे. माझ्या नाही, पप्पांच्या नाही, दुकानवाल्याच्या नाही, तुझ्या हातानं. खोलायचं म्हणजे साइड प्लेट काढून स्प्रिंगा टेबलावर पसरायच्या असं नव्हे, ते आर्मररचं, हत्यारं दुरुस्त करणाऱ्याचं काम. पण खटका दाबून उघडणं, सहाच्या सहा चेंबर रिकामे बघणं, नळीतनं चिंधी काढणं, घोडा आणि चाप कसं चालतंय हे कळणं, एवढं तुला लाइट गेली तरी आलं पाहिजे.

मी ईएमईत, आर्मीच्या दुरुस्ती खात्यात, आर्मरर होतो, बरीच वर्षं मराठा पलटणीला अटॅच, हत्यारं दुरुस्त करण्यातच सगळी नोकरी गेली. झिजून बिघडलेली कमी आली, न पुसता ठेवलेलीच जास्त. आणि हे सगळं कळत असून मी स्वतः काय केलं ते ऐक, आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

थोरल्याला लायसन्स मिळालं तेव्हा मी त्याला जुनं फॉरेनचं पिस्तूल घेऊन दिलं. १९८६ नंतर सिव्हिलियनसाठी हँडगनची इंपोर्ट बंद, त्यामुळं जे देशात आहे तेच या हातातनं त्या हातात फिरतंय आणि प्रत्येक हाताला किंमत चढतेय. पेन्शनीचे साठवलेले पैसे घातले. असली निळसर पॉलिश होती की मीच रोज काढून बघायचो. पोरगं हात लावायला आलं की म्हणायचो, थांब, बिघडवशील. पुसायचो मी, तेल मी घालायचो. तिसऱ्या वर्षी एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे रिकामं काडतूस ओढून काढणारा हुक तुटला. पार्ट कुठला मिळणार? उद्यमबागच्या एका टर्नरकडनं करून घेतला, माणूस हातानं सोनं होता पण तो स्टीलचा गुण कुठनं आणणार, दहा राउंडात तोही गेला. पोराला फोन केला तर म्हणाला, पप्पा ते तुमच्यासाठीच घेतलेलं की. आता ते लॉकरात पडून आहे. मी वाईट माल घेतला नव्हता गे, अजून सांगतो माल चांगलाच होता. पण... असू दे.

तर मामाला सांग, नको. ज्याचा पार्ट मिळत नाही ते खोलून काय करायचं.

पिस्तुलाचं. मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, ही वेगळी वस्तू, तिची स्प्रिंग, तिच्या तोंडाच्या कडा म्हणजे ओठ, ते जरा वाकले की राउंड अडकलाच. अडकला तर स्लाइड ओढून काढायचा सराव हाताला लागतो, आणि लायसन्सवर मोजून मिळणाऱ्या राउंडात तो सराव कुठं होणार? रिव्हॉल्वरमध्ये एक राउंड नाही फुटला तर चाप परत ओढ, पुढचा चेंबर येतो. आठ की सहा हा हिशोब व्हिडिओवाल्यांना करू दे.

निर्भीकचं मात्र पप्पांना नीट सांग, त्यांचं मन मोडू नको. २०१४ ला आलं, टायटॅनियम अलॉय, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या जवळ. गंजत नाही हे खरं. पण स्प्रिंग तर त्यातही स्टीलचीच. आणि हलकं हत्यार जास्त उडतं, त्यात बाई-बाप्या काय नाही, तोच राउंड कमी वजनातनं सुटला की झटका हाताला जास्त. कानपूरचं साधं स्टीलचं थर्टी टू सातशे ग्रॅमचं. फरक किती? पाव किलो कुंद्याच्या डब्यापेक्षा कमी! तेवढ्यासाठी तुझा हात थरथरणार नाही, पंपावर ऑइलचे बॉक्स उचलतेस की.

प्रबळ म्हणून रिव्हॉल्वर २०२३ ला नवीन आलंय, त्याचं सिलिंडर बाजूला फिरून निघतं, ६७५ ग्रॅम. वरची पट्टी सलग असल्यानं फ्रेम मजबूत असते हे मी नाकारत नाही. तरीपण मी जुन्या इंग्लिश वेबली रिव्हॉल्वरच्या चालीचं, मधनं मोडून उघडणारं घे म्हणीन. उघडलं की नळी पाठीमागनं सरळ डोळ्यासमोर, चिंधी सरळ जाते, रिकामं आहे का नाही एका नजरेत. थर्टी टू लाँग म्हणजे यातल्या गोळीचा प्रेशर कमी, त्याला ही चाल पुरते. हट्ट म्हण पाहिजे तर. दोन्ही हातात घे, जे तुला खोलायला सोपं वाटलं ते घे, मग प्रबळ घेतलंस तरी मी रुसणार नाही. थोडा रुसेन.

दुकानात गेलीस की आधी उघडून रिकामं बघ, दुकानवाल्यानं बघितलं असलं तरी. मग परवानगी घेऊन, तोंड सुरक्षित बाजूला धरून, घोडा हळू चढव, सोडताना अंगठ्यानं धरून सोड, आणि चाप दाबलेलाच ठेवून सिलिंडर हलवून बघ. किंचित हललं तर चालेल, खुळखुळलं तर दुसरा पीस मागव. उघडून नळीच्या मागं पांढरा कागद धर आणि आत बघ, नळीतले पिळदार आटे चकचकीत आणि सारखे दिसले पाहिजेत. बिजागरी आणि खटक्यात ढिलाई नको. आणि पिक्चरमधल्यासारखं मनगटाला झटका देऊन कधी बंद करू नको, बिजागरी तिथंच मरते! दोन्ही हातांनी, डबा झाकतो तसं.

नवीन आहे म्हणून कातडी पाऊचात घालून तिजोरीत ठेवशील, तर जून ते सप्टेंबर तिथंच गंज धरेल. कातडं ओल पितं. वडिलांची बारा बोअर मी पोस्टिंगला जाताना कातडी कव्हरात ठेवली होती, खानापूरचा एक पावसाळा, परत आलो तर नळीला देवीचे व्रण उठल्यासारखे खड्डे. पाऊच वेगळं ठेव, हत्याराला तेलाचा पातळ हात. पातळ म्हणतोय, भजी तळायची नाहीयेत. आणि इलेक्शनला स्टेशनात जमा कर म्हणाले तर आदल्या रात्री तेल लाव, पावती घे, परत मिळालं की त्याच दिवशी खोलून पूस. दुसऱ्या दिवशी नाही.

रविवारी सकाळी ये. माझं जुनं थर्टी टू रिकामं करून टेबलावर ठेवतो, राउंड दुसऱ्या खोलीत. मी खुर्चीवर बसणार, हात लावणार नाही, तूच खोलायचं. जुना सुती बनियन आण, आमच्या घरात चिंधीला काय उरलं नाही. पप्पांना पंपावर बसव.

काका